भट्टीत न गेलेले सात दागिने

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीचा वर्ग पलीकडच्या गावात होता आणि तिथे मुलींना कोणी पाठवत नसे. त्यानंतर माझं लिहिणं म्हणजे वाण्याची यादी आणि फराळाच्या ऑर्डरी. ही वही कधी माझ्या मुलीच्या हाती लागली तर तिने चुकांना खुशाल हसावं, पण वाचावं. ती दिल्लीत वाढलेली, मराठी अडखळत वाचते. म्हणजे त्या बाबतीत आम्ही दोघी सारख्याच.

माझ्याकडे सोन्याचे सात दागिने आहेत. चौदा वर्षं लागली ते करायला. एकदा ते सातही वितळवायचं ठरलं होतं, आणि वितळवणारे दुसरे कोणी नव्हते, माझेच यजमान होते. ते कसे वाचले हे मी कोणाला तोंडाने सांगितलेलं नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज जातो. कागदापुढे जात नाही, हे मला अलीकडेच कळलं.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. तिथली अर्धी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवायचं, त्यातलं तांबं-चांदी काढायचं आणि शुद्ध सोनं करून द्यायचं. या कामासाठी आमच्याकडची माणसं देशभर पांगली आहेत. माझं लग्न झालं तेव्हा आमचे हे दिल्लीला, करोलबागेतल्या एका गल्लीत त्यांच्या लांबच्या मामांच्या दुकानात कामाला होते. आम्ही राहायला द्वारकेला, मोठ्या सोसायट्यांच्या मागे जे जुनं गाव आहे तिथे दोन खोल्यांत.

गलाईवाल्याच्या घरी सोनं असेल असं लोकांना वाटतं. सोनं दिवसभर त्याच्या हातात असतं, घरी येतो तो तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास. दुकानातून निघताना हे टबात हातपाय धुवायचे आणि ते पाणीही फेकलं जात नसे, कारण त्यात सोन्याचे कण उतरतात. यांचे कामाचे कपडे मी घरी वेगळ्या बादलीत धुवायची. तळाला बसलेला गाळ वाळवून डबीत भरायची आणि महिन्याच्या महिन्याला मामांकडे परत पाठवायची. चिमूटभरच असायचा, पण तो मामांचा होता.

माझं स्वतःचं असं काही असावं हे माझ्या मनात आलं ते आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत. तिथे आपल्याकडच्या अधिकाऱ्यांची कुटुंबं राहतात. होळीला पुरणपोळ्या, संक्रांतीला गुळाच्या पोळ्या, दिवाळीला फराळ असं मी त्यांना करून द्यायची. एका घरी पोळ्या पोचवायला गेले तर त्यांच्याकडे लग्नाला निघालेली शेजारीण आली होती. गळ्यात कुंदनाचा हार, कानांत तसेच झुमके. मी तो हार बघत दारातच उभी राहिले. पैसे घ्यायचे विसरून परत निघाले तेव्हा घरच्या बाईंनी हाक मारून बोलावलं.

दोन वर्षांच्या ऑर्डरींचे पैसे मी पिठाच्या डब्यात साठवले आणि यांना न सांगता तसाच एक हार घेतला. वजन पाच तोळे भरलं. दुकानदाराने माझ्यासमोर काट्यावर ठेवलं, मी मान हलवली. घरी येऊन यांच्या पुढ्यात डबी उघडली.

यांनी हार हातात घेतला, उलटा केला, एकदा माझ्याकडे बघितलं.

"कितीचा म्हणालीस?"

मी आकडा सांगितला.

"आणि सोनं किती आहे यात?"

"पाच तोळे. वजन मी बघितलं."

हे हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. "अगं, तू गलाईवाल्याची बायको ना?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला दुकानात घेऊन गेले. मामांनी हार बघून कपाळाला हात लावला. "सूनबाई, आख्ख्या तालुक्यात कोणी केलं नाही ते तू केलंस गं!"

हार मुशीत घातला. मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं. आधी काळा धूर निघाला, ती आत भरलेली लाख जळत होती. काचा आणि खडे बाजूला पडले. शेवटी मुशीच्या तळाशी लहान सुपारीएवढी गोळी राहिली. सव्वा तोळा. दुकानदाराने फसवलं नव्हतं. सोनं किती, खडे किती, मजुरी किती, सगळं बिलावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. मला वाचता आलं नाही आणि विचारायची लाज वाटली. ज्या घरात दुसऱ्याच्या सोन्याचा कण परत जात होता, त्या घरात मी पावणेचार तोळे लाख आणि काच सोन्याच्या हौसेने विकत घेतली होती.

ती गोळी मी पदराच्या गाठीत बांधून मेट्रोने घरी आणली. त्या रात्री यांना म्हणाले, "मला सोनं ओळखायला शिकवा."

"तुला काय करायचंय?"

"पुन्हा फसायचं नाही."

यांनी शिकवलं. रविवारी घरी कसोटीचा दगड आणायचे. त्यावर सोनं घासायचं, शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढायची आणि रंग ताडून बघायचा. वर तेजाबाचा थेंब टाकला की हलक्या सोन्याची रेघ पुसट होते. पहिले सहा महिने मला सगळ्या रेघा सारख्याच दिसायच्या. मग एके दिवशी फरक दिसायला लागला, जसा पुरण शिजलं की नुसत्या वासावरून कळतं. वाचायला शिकल्यासारखं वाटलं मला. शाळेत चार वर्षांत जे वाटलं नव्हतं ते.

मग मी माझे नियम ठरवले. खडा नको, मोती नको, लाख नको. पोकळ काही नको, भरीवच. नक्षी कमी, म्हणजे मजुरी कमी. दागिना असा घ्यायचा की जो माझ्या आजीच्या काळातही चालत होता आणि मुलीच्या काळातही चालेल. शुद्धतेचा शिक्का आणि बिल घेतल्याशिवाय दुकान सोडायचं नाही, आणि बिल कोणाकडून तरी वाचून घ्यायचं, लाज वाटली तरी. दोन वर्षांत एकच दागिना. आणि एक मोडून दुसरा करायचा नाही, कधीच नाही.

पहिल्या झाल्या पाटल्या. त्यांत कुंदनाच्या हारातली ती सुपारीएवढी गोळी गेली. हा जोड मी एक दागिना धरते. मग बोरमाळ. आपल्याकडे बोरमाळेचे मणी पोकळ करून आत लाख भरतात, म्हणजे कमी सोन्यात माळ भरघोस दिसते. मी लहान मणी करायला सांगितले, पण भरीव. माळ गळ्यात अगदी बारीक दिसते. हातात घेतली की कळतं.

ठुशीची गंमत झाली. मामांच्या दुकानाच्या वर एक बंगाली कारागीर बसायचा. हात फार चांगला, पण ठुशी त्याने जन्मात पाहिली नव्हती. माझं हिंदी तेव्हा मोडकं. मुलगी सात वर्षांची होती, तिला बोलायला सोबत नेलं. मी पिशवीतून ताटली काढली आणि तिच्यात ज्वारीचे दाणे गळ्याच्या आकारात एकमेकांना चिकटवून मांडले.

कारागीर वाकून बघत राहिला. "भाभीजी, इतना छोटा-छोटा दाना? हमारा तो आँख चला जाएगा."

"आई म्हणते, आँख गया तो चष्मा वो देगी," मुलीने त्याला सांगितलं. मी असं काही म्हटलेलंच नव्हतं. तो इतका हसला की ताटलीतले दाणे हलले. तीन महिन्यांनी ठुशी झाली तेव्हा त्याने ती आधी स्वतःच्या बायकोच्या गळ्यात घालून तिचा फोटो काढला, आणि मग मला दिली.

त्यानंतर पुतळ्यांची माळ, मोहनमाळ, दंडातली वाकी आणि शेवटी कानातले झुबे. सात झाले. घालायची मी क्वचितच. चार बायकांनी गळ्याकडे बघितलं की मला पळून जावंसं वाटतं. दुपारी घरी कोणी नसलं की पलंगावर धुतलेलं पांढरं धोतर पसरायची, त्यावर सातही मांडायची आणि नुसती बघत बसायची. मुलगी शाळेतून लवकर आली की दारातूनच म्हणायची, "आई, तू तो पहनती ही नहीं यार. म्यूझियम खोलणार आहेस का?"

यांना हे पटत नव्हतं. गलाईवाल्याला दागिना दिसतच नाही, त्यातलं सोनं दिसतं. यांनी स्वतःची बचत म्हणून शुद्ध सोन्याची एक लगड जमवली होती, बोटाएवढी कांडी. दर दिवाळीला तीत थोडी भर घालायचे. "घडणावळ भट्टीत जळते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तू मजुरीचे पैसे देतेस आणि मी ते रोज जाळतो. दे सगळं, एकच लगड करून देतो. शुद्ध. सांभाळायलाही सोपी."

"तुमच्या लगडीला कोणी गळ्यात घालतं का?"

"तू तरी कुठे घालतेस?"

मी धोतराची घडी करायची.

चार वर्षांपूर्वी मामांनी गावी परत जायचं ठरवलं. गुडघे गेले होते, मुलगा परदेशात. त्यांनी यांना बोलावून सांगितलं, "वीस वर्षं तू भट्टी सांभाळलीस. दुकान तुलाच द्यायचं मनात आहे. पण फुकट नाही देता येणार रे, मलाही म्हातारपण काढायचंय. दोन महिने थांबतो. नाहीतर गुजरातवरून एक जण आलाय, तो रोख द्यायला तयार आहे."

घरी येऊन यांनी मला हे सांगितलं. जेवून झाल्यावर हिशेब मांडला. लगड विकली तर अर्धी रक्कम. उरलेली अर्धी म्हणजे नेमके माझे सात दागिने.

"मी काय म्हणतो," हे म्हणाले, "परवा रविवार आहे. दुकान बंद असतं. मीच वितळवतो सगळं. दुसऱ्याच्या हाती द्यायला नको."

प्रेमानेच म्हणत होते. दुसऱ्याच्या हाती द्यायला नको, हे त्यांना खरंच वाटत होतं. मला मात्र मुशीत गेलेला कुंदनाचा हार दिसला. त्या वेळी जळली ती लाख होती. आता जळणार होते माझे चौदा वर्षांचे पुरणाचे हात. भाव चढतच होता. आज विकलं की पुन्हा एवढं सोनं घेणं आमच्या आवाक्यात कधीच येणार नव्हतं, एवढं मला चौथी शिकूनही कळत होतं.

"विकायचं नाही," मी म्हणाले. "गहाण ठेवू. बँकेत. दुकान आपलं झालं की फेडू."

"आणि नाही फिटलं तर? लिलाव करतील. वितळवण्यापेक्षा ते वाईट."

"फिटेल."

"कशावरून?"

"आधी तुमची लगड ठेवून बघा ना. तुमचंच सोनं जास्त शुद्ध आहे."

हे मी चिडून बोलले होते. पण यांना ते पटलं. सोमवारी लगड खिशात घालून हे बँकेत गेले. दुपारी परत आले ते थेट माठाकडे. दोन ग्लास पाणी प्यायले.

"काय झालं?"

"घेत नाहीत."

"का? खोटं आहे म्हणाले?"

"खोटं कसं असेल! तो बाबू म्हणाला, डली पे लोन नहीं होता. नियमच तसा आहे म्हणे. लगड, बिस्किट काही चालत नाही. जेवर है तो लाओ." हे खुर्चीत बसले आणि माझ्याकडे वळले. "घडलेलं सोनंच चालतं."

मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "बाबा, म्यूझियम काम आ गया!"

हे हसले. कुंदनाच्या दिवशी राहिलेलं हसू बहुधा तेव्हा बाहेर आलं असावं.

दागिने माझ्या नावावरच्या बिलांचे, तेव्हा बँकेत मलाच जावं लागलं. हे सोबत आले. सात डब्या, सात बिलं. सोनं तपासणारा माणूस टेबलामागे कसोटी घेऊन बसला होता. त्याने पाटल्या घासल्या, मान डोलावली. ठुशी, मोहनमाळ सगळं ठीक. बोरमाळ हातात घेतली आणि न घासताच बाजूला ठेवली.

"इसमें लाख होती है. महाराष्ट्र का माल है, मैं जानता हूँ. इसका आधा वजन काटूँगा."

मी यांच्याकडे बघितलं. हे खुर्चीवरून उठायला लागले होते. पण दागिना माझा होता.

"लाख नाही," मी म्हणाले. मग हिंदीत जुळवलं, "लाख नहीं है. ठोस है. सब मनी ठोस है."

"बहनजी, सब यही बोलते हैं."

बांगडीला लावलेली सेफ्टी पिन मी काढली आणि त्याच्यापुढे धरली. "मनी के छेद में घुमाइए. लाख होगी तो काला निकलेगा."

मागे रांगेत सहा-सात जण उभे होते. सगळे बघत होते. त्याने पिन घेतली, एका मण्याच्या भोकात फिरवली, भिंग लावून बघितली. मग दुसऱ्या. मग मधला एक मणी निवडून त्यात. पिन स्वच्छ. त्याने माळ पुन्हा काट्यावर ठेवली.

"किसने बनवाया ये?"

"मैंने."

"आपके पति क्या करते हैं?"

"गलाई."

तो यांच्याकडे वळून म्हणाला, "भाईसाहब, तो फिर मैं यहाँ क्यों बैठा हूँ?" आणि पूर्ण वजन लिहिलं.

मला सही करायला वेळ लागला. रांग तेवढा वेळ थांबली.

लगड विकली, दागिने बँकेच्या लाखेच्या मोहरेत गेले आणि दुकान आमचं झालं. पाटीवर नाव जुनंच ठेवलं, गिऱ्हाईक त्या नावाने येतं. मामा गावी निघाले तेव्हा मी त्यांना गाळाची शेवटची डबी दिली. त्यांनी ती उघडून बघितली आणि परत माझ्या हातात ठेवली. "सूनबाई, आता हा तुझा."

पहिलं वर्ष बरं गेलं. दर महिन्याला थोडं थोडं भरलं, वर्षाच्या शेवटी व्याज चुकतं करून कागद नवे केले. दुसऱ्या वर्षी थंडीत दिल्लीची हवा इतकी बिघडली की गल्लीतल्या सगळ्या भट्ट्या बंद ठेवायचा हुकूम आला. आधी आठवडा, मग पंधरा दिवस, मग महिना उलटला. हे घरी बसले. एका सकाळी चहा घेताना खाली बघत म्हणाले, "झुबे तेवढे सोडवून विकू या का? सगळ्यांत लहान तेच आहेत."

"सात म्हणजे सात," मी म्हणाले. "उठा. हात धुवा."

संक्रांत जवळ आली होती. मी आर. के. पुरमच्या प्रत्येक ओळखीच्या घरी मुलीला फोन करायला लावला. फरीदाबादच्या मराठी मंडळींनी एकदम दीडशे गुळाच्या पोळ्या सांगितल्या. मी लाटायला बसले आणि यांना गुळाच्या कढईपाशी बसवलं. गुळाची पोळी गुळावर असते. तो कमी शिजला तर पोळीतून बाहेर येतो, जास्त झाला तर दगड. वीस वर्षं भट्टीपुढे बसलेला माणूस, त्याला आच कळते. नुसता रंग बघून म्हणायचे, "आता काढ." एकही पोळी फुटली नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही गलत लाइन में थे."

"दोन्हीकडे कस बघायचा असतो," हे म्हणाले आणि चमचा चाटला.

तो महिना आणि पुढचा महिना बँकेत गुळाच्या पोळ्या भरल्या. फेब्रुवारीत भट्टी पेटली. गिऱ्हाइकं तुंबलेली होती, आणि भाव इतका वर गेला होता की लोक जुनं सोनं काढून वितळवायला रांगा लावत होते. मी एकदा डबा द्यायला गेले तर एक म्हातारी बाई तिची जुनी पुतळ्यांची माळ घेऊन उभी होती. यांनी माळ हातात घेतली, उलटी केली, आणि मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या तोंडून. "माताजी, ये गलाओ मत. पैसा चाहिए तो गिरवी रखो. ऐसा काम अब कोई नहीं करता."

गिऱ्हाईक गेलं. हे मान वर न करता म्हणाले, "डबा ठेव तिथे."

मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता भरला. आम्ही तिघं गेलो. हे स्वतःचा छोटा काटा पिशवीतून घेऊन आले होते, बँकेवर विश्वास नव्हता असं नाही, सवय. बँकेतल्या मुलीने मोहर फोडली आणि एकेक डबी माझ्यासमोर ठेवली. पाटल्या, बोरमाळ, ठुशी, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ, वाकी, झुबे. यांनी प्रत्येकाचं वजन केलं, मी बिलावरच्या आकड्याशी ताडून बघितलं. आकडे मला वाचता येतात. गुंजेचाही फरक नव्हता. गहाण ठेवताना त्या सोन्याची जी किंमत होती, तिच्यात आज त्यातलं अर्धंही आलं नसतं.

"घाल," मुलगी म्हणाली.

"इथे?"

"इथेच. यार आई, प्लीज."

मी ठुशी घातली. बँकेत बरीच माणसं होती, बघतही होती. मी पदर ओढून घेतला नाही.

मग त्या मुलीने शेवटचा कागद पुढे सरकवला. मी तो सावकाश, शब्द जुळवत, हिंदीतून वाचला आणि सही केली. तिने शिक्का मारला. कर्ज पूर्ण फिटलं.